टेबलावर न उच्चारायचा आकडा

"क्रॅप्सच्या टेबलावर सात हा आकडा तोंडातून काढायचा नाही," पणजीच्या कसिनोत नवऱ्यानं मला दटावलं होतं. पहिल्या फेकीनंतर दोन फाशांची बेरीज सात आली की फासे टाकणारा सगळं हरतो.

पुढे हलकटानं घर उडवलं आणि मलाही सोडलं. आज तो नव्या बायकोला घेऊन त्याच टेबलाशी उभा होता. मी समोर जाऊन त्याच्याविरुद्ध चिप लावली.

पहिल्या फेकीत आठ पडले. त्यानं पुन्हा फासे उचलले.

"वटपौर्णिमेला वडाकडे तुला किती जन्मांसाठी मागायचे रे मी?"

"गप्प बस!" त्यानं फासे फेकायला हात उगारला.

"सात!" मीच सांगून टाकलं.

फासे घरंगळले. चार आणि तीन.

सवयीनं त्याची नजर बायकोच्या मंगळसूत्राकडे वळली.

"देऊ नकोस गं," मी तिला बजावलं. "माझं याच टेबलावर गेलं."