राखणदाराचा होकार

बाबली गुरवाने तांब्यातलं पाणी बोकडाच्या पाठीवर ओतलं आणि गावाबाहेरच्या कातळसड्यावर जमलेली माणसं श्वास रोखून बघत राहिली. बोकड शहारला, अंग झाडलं, की गाव राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा, होकार. मग सुरी. हा बोकड, चांदो, मात्र ढिम्म उभा. पोटाखालून पाणी निथळत होतं आणि तो आपला समुद्राकडे बघत होता.

हरिश्चंद्राला हसू आवरेना. मुंबईत औषधांच्या कंपनीत त्याचं कामच ते. एका सुईने उंदरांच्या अंगात थरथर आणायची, मग कंपनीचं नवं औषध देऊन ती थांबते का बघायचं. थांबायची. पोटातली भीती तशीच राहत असेल, पण अंग चहाडी करायचं नाही. त्यातल्याच गोळ्या सकाळी त्याने केळ्यात घालून चांद्याला चारल्या होत्या. देवाला फसवायला निघालेला गावातला पहिला चाकरमानी म्हणायचा! पण करतो काय? यंदा बोकड द्यायची पाळी त्याच्या घराची, आणि घरात बोकड हा एकच. त्याच्या बायकोने, नर्मदेने, आई मेलेलं ते करडू बोंडल्याने दूध पाजून वाढवलेलं. घरात मूलबाळ नाही. "कायव करा, पण माज्या चांद्याक वाचवा," म्हणून तिने अन्न सोडलं होतं.

दुसऱ्यांदा पाणी ओतलं. चांदो जागचा हलला नाही.

"राखणदार खुळो नाय," बाबली पुटपुटला आणि त्याने भरलेली कळशीच उचलली.

नर्मदेला राहवलं नाही. ती धावत जाऊन बोकडाच्या गळ्यात पडली आणि सगळं पाणी तिच्याच पाठीवर गेलं.

ती शहारली.

वैशाखातलं ऊन होतं. पाणीही कोमटच होतं. पण तिची थरथर थांबेना, बांगड्या वाजत राहिल्या. बायका मागे सरल्या.

"वाचलो मां चांदो?" तिने विचारलं. दातांवर दात आपटत होते आणि चेहरा आनंदाने फुलला होता.

"वाचलो," बाबली म्हणाला. त्याने सुरी कमरेला खोचली आणि दावं हरिश्चंद्राच्या हातात दिलं.

"थंडी भरली तिका. घराक नेतंय," म्हणत हरिश्चंद्र बायकोला उठवायला वाकला. त्याचं हसू केव्हाच पळालं होतं. म्हाताऱ्या बाबलीने त्याच्या छातीवर हात टेकवून त्याला अडवलं, तेही मायेनेच.

"बोकडाक घेवन जा, हरी. तिका आता हात लावू नको."