सकयलवाड्याचा आकडा

गौरवीने कागद प्रभावतीकाकींच्या सोप्यावर पसरला खरा, पण तिचं बूड काही टेकेना. सोमवारी यादी कचेरीत जायची होती. ज्या वाड्यांत पोरांच्या धापेचा आकडा वर, तिथले खनिजाचे ट्रक दुसऱ्या वाटेने वळवायचे. बाकीच्यांनी लाल धूळ गिळायची. पाळी गावच्या सतरा वाड्यांचं गणित तिनेच मांडलं होतं, डॉक्टरेटसाठी. आणि काकींचा सकयलवाडा यादीत आलाच नव्हता.

"म्हणजे आमका त्रास नाय?" काकींनी विचारलं. आत त्यांची सहा वर्षांची नात, सायली, खोकत होती.

"तसं नाही हो काकी. चुलीचा धूर, घरातल्या बिड्या, रस्ता किती जवळ, सगळं जमेस धरलं. एवढं करून जे उरतं, ते त्या वाड्याचं स्वतःचं. तुमचं फारसं उरलं नाही. गावाच्या सरासरीच्या जरासंच वर."

"हय तीन घरां. चार पोरां. चौघांकय धाप. अजून किती होयी गो बाये?"

प्राध्यापकांपुढे गौरवीने हे फडाफडा सांगितलं होतं. इथे मेली जीभच उचलेना. "घरं थोडी ना, काकी. थोड्या घरांवर गणित पुरता विश्वास ठेवत नाही. चार पोरं योगायोगानेही आजारी पडली असतील, असं धरतं आणि आकडा सरासरीकडे ओढून घेतं. वयलवाड्यात चाळीस घरं, तिथला आकडा फारसा हलत नाही. रीतच आहे ती." स्वतःचंच बोलणं तिला कसंसंच वाटलं.

काकी हसल्या, पण त्या हसण्यात गोडवा कसला तो नव्हता.

"घरां थोडी कित्याक झाली, ता इचारलंस तुझ्या गणिताक?"

त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि पायवाटेने खाली नेलं. "ह्या नारायणाचा घर. पोरीच्या छातीपायी सावंतवाडीक गेलो. ह्या भिकाजीचा. दोन नातू, दोघांकय धाप. पेडण्याक सासरवाडीत रवता. ह्या चंद्रावतीचा..." अशी आठ दारं झाली. आठही दारांना कुलपं.

पाहणीच्या वेळी गौरवीने या प्रत्येक दारापुढे वहीत एकच शब्द लिहिला होता: बंद. बंद घर मोजायचं नाही, हा नियम. नियमही तिनेच केलेला! लाजेने वर बघवेना.

"काकी, यादी मी थांबवते. या आठही जणांना शोधून काढते. महिनाभर तरी द्या मला."

काकींनी पदराने कपाळावरची धूळ पुसली. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी.

"आमचा सामान बांधून झालासा गो. आयतवारी आमीय जातलंव. मगे दोनच घरां उरतली. तुझो आकडो आणखी खाली येतलो, नाय?"