दोरी सोडण्याची रीत

"पुन्हा हिसका दिलात," बाई म्हणाल्या.

बाण पेंढ्याच्या गठ्ठ्याच्या अगदी डाव्या कडेला रुतला होता. न्हाव्याने धनुष्य खाली घेतलं. महिनाभर हेच चाललं होतं. दोरी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत ओढायची, नेम धरायचा, इथवर सगळं ठीक. सोडायच्या क्षणी मात्र त्याचा उजवा हात विजेचा झटका बसल्यासारखा बाहेर उडायचा.

"तुम्ही बोटं उघडता. उघडायची नाहीत, सैल पडू द्यायची. दोरी तुमच्या हातून जावी. तुम्ही तिला हाकलू नका."

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर एका रिकाम्या गोदामात त्या रविवारी सकाळी पाच-सात जणांना धनुष्यबाण शिकवायच्या. साधं लाकडी धनुष्य. नेमासाठी त्यावर ना काच, ना खूण.

न्हाव्याला या वयात हा नाद काही आपणहून लागला नव्हता. धनुष्य त्याच्या दादाचं होतं. दादा दहा वर्षं इथं यायचा. दोघा भावांचं दुकान एकच. गेल्या थंडीत गिऱ्हाइकाचे केस कापता कापता दादा खाली बसला, तो उठलाच नाही. महिन्याभराने वहिनीने कपाटामागून धनुष्य काढून दिलं.

"भाऊजी, हे तुम्ही न्या. नजरेला पडलं की मला काही सुचत नाही."

त्याने नेलं. तो रडला नव्हता. दादाला नेताना नाही, नंतरही नाही. सकाळी दुकान उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं, वरच्या मजल्यावर वहिनीने वाढलेलं जेवायचं आणि शेजारच्या खोलीत जाऊन झोपायचं. त्याने लग्न केलं नव्हतं. लोक म्हणायचे, याचं काळीज दगडाचं आहे. त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

बाईंनी त्याला गठ्ठ्यापासून तीन पावलांवर उभं केलं.

"डोळे मिटा. नेमबिम काही नको. पाठीने ओढा. हात आहे हेच विसरून जा."

कित्येक रविवार तो तीन पावलांवरून, डोळे मिटून बाण मारत राहिला.

"एवढ्या जवळून माझी आजीसुद्धा मारेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणा तिला," बाई म्हणाल्या. "ती निदान सांगितलेलं ऐकेल तरी."

हिसका कमी होत गेला. एका रविवारी बाईंनी त्याचा हात धरून उलटा केला.

"चामडं कुठंय?"

दोरी काचू नये म्हणून बोटांवर चामड्याचा पट्टा चढवतात. त्याचा पट्टा खिशातच राहिला होता. वीस बाण त्याने उघड्या बोटांनी मारले होते. बोटांवर लाल वळ उठले होते.

"लक्षातच आलं नाही," तो म्हणाला.

"याला म्हणतात तल्लीन होणं," बाई खूश होऊन इतरांना म्हणाल्या.

दुकानात मात्र त्याच्या या तंद्रीचा गिऱ्हाइकांना त्रास व्हायचा. एकदा त्याने गरम पाण्यातून टॉवेल पिळून पोस्टमनच्या तोंडावर ठेवला, तर पोस्टमन खुर्चीतून उडालाच.

"अहो, दाढी करताय की सोलताय?"

"माफ करा. लक्ष नव्हतं."

"दादाची आठवण?"

न्हाव्याने टॉवेल उचलून झटकला.

वहिनीच्या नजरेतून हे सुटत नव्हतं. त्या रात्री वाढता वाढता ती म्हणाली, "भाऊजी, एकदा मोकळे होऊन रडून घ्या. आत साठवून साठवून माणूस बधिर होतो."

"तसा तर झालोच आहे, वहिनी."

पुढच्या रविवारी बाईंनी त्याला तीस पावलांवर पाठवलं. पाच बाण दिले. त्याने श्वास घेतला, पाठीने दोरी ओढली. हात जागचा हलला नाही. पाचही बाण वितीभर जागेत एकमेकांना खेटून रुतले.

"कसं केलंत?" बाईंनी हळूच विचारलं.

"काही केलं नाही, बाई. दोरी कधी गेली, मला कळलंच नाही."

"हेच!" बाईंनी मांडीवर थाप मारली. "हेच सांगून सांगून माझा घसा सुकला. तुमच्या दादाला दहा वर्षांत जमलं नाही हो हे. शेवटपर्यंत हिसका काही गेला नाही त्याचा."

न्हावी हसायला गेला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. गठ्ठ्याला डोकं टेकून तो पोरासारखा रडला. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं.

घरी येऊन त्याने वहिनीला सांगितलं. तीही रडली. मग दोघं खूप वेळ दादाबद्दल बोलत बसली, पहिल्यांदाच.

सोमवारी सकाळी पोस्टमन दाढीला आला. न्हाव्याने त्याच्या गालांना फेस लावला, नवं पातं मधोमध मोडलं, एक अर्धं वस्तऱ्यात बसवलं आणि कानाजवळून सुरुवात केली.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," पोस्टमन आरशात बघत म्हणाला.

"काल झोप छान लागली."

"बरं झालं. किती दिवस कुढणार माणूस."

पांढऱ्या फेसावर एक लाल थेंब पडला. मग दुसरा.

"कापलंत का हो?" पोस्टमन ताठ झाला.

न्हाव्याने घाईने फेस पुसला. गालावर साधा ओरखडाही नव्हता.

"मला तर काही लागलं नाही," पोस्टमन म्हणाला. आरशातली त्याची नजर वस्तऱ्यावर गेली आणि तो खुर्चीतच मागं सरकला. "अहो... तुमचा हात."

न्हाव्याने उजवा हात उजेडात धरला. पात्याचा उरलेला अर्धा तुकडा त्याच्या मधल्या बोटात खोल रुतला होता, आणि आत्ता, त्याच्याकडे बघतानाही, त्याला काहीच जाणवत नव्हतं.