राणीबागेतली घंटी

सन १९८६, प्रजासत्ताकदिनी, धुळे जिल्ह्यातील एका जुन्या जहागिरीची राणीबाग जनतेसाठी खुली झाली. तिथे वीस वर्षे राबलेला आधार माळी प्रथमच कमरेला घंटी न बांधता आत शिरला. पूर्वी ती वाजली, की पडद्यातल्या बायका आडोशाला जात. कठड्यावर मात्र त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या भरलेला असे. तो ठेवणारीचे हसू त्याने ऐकले होते, मुख कधीच पाहिले नव्हते. त्याच कठड्याशी आज एक म्हातारी बसली होती. “आठे एक माळी व्हता, नाना,” ती म्हणाली. “त्यानी घंटी वाजनी का मी पानी ठेईसन निंघी जाऊ. एक डाव ती मुठमा दाबीसन येवाले पाहिजे व्हतं.” आधार एकदा तसाच, घंटी मुठीत दाबून, कठड्याअलीकडच्या वळणापर्यंत जाऊन परतला होता. ‘तो मीच’ म्हणण्याचा धीर गोळा करीत त्याने विचारले, “मानूस कसा व्हता?” “भित्रा व्हता.”