शनिवारची बाटली

“एवढासा डबा, आनि हा खरं बोलंल?” आनंदानं विचारलं.

एलिजा हसला. पनवेलच्या त्याच्या गॅरेजात हरेशची गाडी बॉनेट उघडून उभी होती. आनंदाच्या या एकुलत्या पोरानं गाडीला टर्बो बसवून तिचा पार वळू केला होता. इंजिनातली तेलकट वाफ पुन्हा इंजिनातच जाऊ नये म्हणून एलिजा मधल्या नळीला एक डबा जोडत होता. वाफ डब्यात येणार, तेल तळाला साठणार, आणि दर आठवड्याला खालचा स्क्रू काढून ते बाटलीत उतरवायचं.

“डबा कशाला खोटं बोलेल, आनंदाशेठ? गाडी जितकी ताणाल तितकं तेल जास्त येणार. काही वेगळं दिसलं तर मला आणून दाखवा.”

आनंदाला हेच हवं होतं. पोराच्या जिभेवरचा त्याचा विश्वास दीड वर्षापूर्वीच उडाला होता. याच गाडीत हरेशच्या शेजारी बाळू बसला होता, आनंदाच्या बहिणीचा मुलगा. पळवणार नाही असं सांगून निघालेल्या हरेशची गाडी उरणच्या रस्त्यावर भरधाव दुभाजकावर चढली. हरेशला चार टाके पडले आणि बाळू जागीच गेला. बहिणीनं तेव्हापासून भावाच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

गाडी विकायची भाषा आनंदानं दोनदा केली. दोन्ही वेळा बायको आडवी आली. “गाडी गेली तर पोरगाबी जाईल,” रंभा म्हणाली. “आता निदान डोल्यासमोर हाय.”

मग आनंदानं हरेशला समोर उभं केलं. “पुन्ना पलवलीस तर या घरात पाय ठेवायचा नाय.” हरेशनं आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. शपथा आनंदानं पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यानं डबा बसवून घेतला.

बाटली तपासायचा वार शनिवार ठरला. त्या दिवशी हरेश क्रिकेटला जायचा आणि गाडी अंगणात असायची. एलिजा ज्यू, त्याचं गॅरेज मात्र नेमकं शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बंद. त्याच्या आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी थांबायचा, म्हणून गावोगाव त्या घराला शनवार तेली म्हणत. नातू गाड्यांच्या तेलात शिरला, पण शनिवार तोच राहिला. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवार मावळेपर्यंत फोनसुद्धा बंद. तेव्हा एलिजानं आनंदाला स्क्रू काढायला आणि घट्ट बसवायला शिकवलं.

पहिल्या शनिवारी बोटभर काळं तेल निघालं. दुसऱ्या शनिवारी तेवढंच. सगळा पावसाळा आणि दिवाळी बोटभर तेलावर गेली. आनंदा हळूहळू सैल झाला. जेवताना पोराशी दोन शब्द बोलू लागला. एकदा तर त्यानं आपल्या ताटातली बोंबलाची तुकडी हरेशच्या ताटात टाकली, आणि रंभा डोळे पुसत आत गेली. थंडी सुरू झाली तेव्हा त्यानं कामोठ्यात एक गाळा घेऊन पोराला नळ-पाइपांचं दुकान टाकून दिलं. घरापासून दुकान दहा मिनिटांवर. हरेश सकाळी जाई, दुपारी जेवायला येई, पुन्हा जाई. शेजारीपाजारी म्हणू लागले, पोरगा माणसात आला.

जानेवारीतल्या एका शनिवारी आनंदानं स्क्रू काढला आणि बाटली भरतच गेली. गळ्यापर्यंत आली. रंग जास्त दुधाच्या चहासारखा होता, पण रंगाकडे पाहायला त्याचं चित्त होतंच कुठे! त्याच्या डोळ्यांसमोर दुभाजक होता आणि चादरीखाली बाळू होता. त्यानं एलिजाला फोन लावला. बंद. शनिवारच होता. संध्याकाळी लागला असता, पण संध्याकाळपर्यंत थांबणं आनंदाच्या रक्तात नव्हतं.

हरेश बॅट खांद्यावर टाकून आला तो बाटली पायरीवरच उभी.

“कुठं पलवलीस?”

“कुठं नाय, बाबा. दुकान नि घर. चालीसच्या वर काटा नाय गेला.”

“मंग ही बाटली खोटी?”

“मला नाय ठाव. पन मी आयची शपथ मोडली नाय.”

“बाबा, संध्याकाळपर्यंत तरी थांबा, एलिजाचा फोन लागंल,” असंही तो म्हणाला. रंभा मध्ये पडली. आनंदानं तिला हातानं बाजूला सारलं, आणि दोन वर्षं त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते बोलून टाकलं. “बालूला तू मारलास. आता आमालाबी मारशील. चल, नीघ.”

हरेशनं किल्ली बाटलीशेजारी ठेवली आणि आहे त्या कपड्यांनिशी चालत गेला. त्याचा फोन त्या दुपारपासून लागला नाही. बुधवारी कुणीतरी त्याला करंजाच्या बंदरावर एका बोटीत चढताना पाहिलं म्हणे. रंभा दोनदा तिकडे जाऊन आली. कुठली बोट ते कुणाला सांगता येईना. तिनं नवऱ्याशी बोलणं टाकलं.

आनंदाला वाईट वाटत होतं, पण आपण चुकलो असं वाटत नव्हतं. पुढच्या रविवारी तो गाडी विकायची म्हणून एलिजाकडे घेऊन गेला. बाटलीही सोबत नेली. पोराला का हाकललं, हे एका तरी माणसाला पटावं अशी त्याची इच्छा होती. पण तोंड उघडण्याआधीच एलिजानं बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि खुशीत मान हलवली.

“वा, आनंदाशेठ! हे तेल नाही, पाणी आहे बहुतेक. थंडीत गाडी जवळच्या जवळ आणि हळू चालवली की इंजिन तापत नाही, वाफेचं असं पाणी साठतं. पळवली असती तर यातलं थेंबभर राहिलं नसतं. शब्द पाळला हो पोरानं. घरी गेलात की आधी त्याची पाठ थोपटा.”