बाळाची रजई

रजईवाल्यानं यायला दुपार केली, तोवर अनुसयाचं डोकं चांगलंच तापलं होतं.

"भैया, सुबह बोला था ना?"

"क्या करें भाभीजी, जंग का माहौल है," म्हणत त्यानं ट्रंकेला हात घातला. फौजीच्या घरात असते तशी काळी ट्रंक, वर पांढऱ्या अक्षरांत नवऱ्याचं, हणमंतचं नाव. आत दोन जुन्या रजया. त्यातला मऊ कापूस पिंजून बाळासाठी एक लहानशी रजई करायची होती. ट्रंकेची कडीही निखळली होती, म्हणून रजया ट्रंकेसकटच चालल्या होत्या. बाहेर ऑटो धडधडत उभी होती.

समोरच्या गॅलरीत आनंदीवहिनी कपडे वाळत घालत होत्या. मूळच्या भुसावळच्या. त्यांचे यजमान भीमराव रेल्वेत. परमुलखातल्या त्या शहरात, शास्त्री नगरच्या गल्लीत मराठी घरं ही दोनच.

"काय चाललंय, वहिनी?" त्यांनी वरून विचारलं.

"काय न्हाई ओ. जरा असंच."

बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही केलं, तर ते गावभर सांगायचं नसतं. त्यात लेकीचं, अनुश्रीचं, पहिलं पोटातच गेलेलं. अनुसयानं पटकन दार लावून घेतलं.

लेक आतल्या खोलीत पलंगावर पडून होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हलायचं नाही. जिना नको, गाडी नको, धक्का तर मुळीच नको. जावई पुण्यात, नवरा सीमेवर, आणि सगळा भार अनुसयाच्या एकटीच्या डोक्यावर.

टीव्हीवर एक टायवाला घसा फोडत होता, "त्यांनी क्षेपणास्त्रं हलवली, म्हणून आपण हलवली!" दुसरा ओरडे, "आपण हलवली, म्हणून त्यांनी!" मध्येच अणुबॉम्बचा ढग दाखवायचे आणि लगेच साबणाची जाहिरात.

"आरं, पण पहिल्यांदा हलवलं कुणी, ते सांगा की मुडद्यांनो!" अनुसयानं टीव्हीच बंद केला.

संध्याकाळी हणमंतचा फोन आला.

"जेवलीस?"

"जेवले. आवं, लोक काय काय बोलत्यात. खरंच टाकतील का वो बॉम्ब?"

पलीकडे नुसती खरखर.

"पोरीला जप," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

जन्मभर हे असंच. विचारलं की गप्प. फौजीशी लग्न केलं की अर्धा संसार अंदाजावरच करायचा असतो. हा माणूस गप्प का बसला असेल, याचा विचार करून करून तिचा जीव टांगणीला लागला. चीड आली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली हलायला लागली. कोपऱ्यावरच्या दुकानातलं पीठ संपलं. शर्माजींनी गाडीच्या टपावर गाद्या बांधल्या आणि गेले. अनुसया मात्र ढिम्म.

"भाभीजी, आप भी चौमूं चलो," दूधवाला मालीराम म्हणाला. शहराबाहेरच्या त्या लहान गावात त्याचं घर होतं, दोन खोल्या रिकाम्या होत्या. "वहाँ कौन बम डालेगा?"

"बम क्या शास्त्री नगर का टिकट निकालके आता है? मेरी लडकी नहीं हिलेगी."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गॅलरीकडे पाहिलं, तर आनंदीवहिनींच्या दाराला कुलूप.

बाकीचे टीव्ही बघून पळाले होते, त्यांचं काय एवढं! पण भीमराव रेल्वेच्या कंट्रोलमध्ये. रणगाडे घेऊन कुठली गाडी कुठं चालली, हे त्यांना ठाऊक असणारच. तो माणूस बायकोला घेऊन निघाला, म्हणजे पाणी गळ्याशी आलंय. आणि जाताना एका शब्दानं सांगितलं नाही! रोज वाटीभर भाजी इकडून तिकडे जायची, ती कशाला?

तिनं मालीरामला फोन लावला.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना..." अनुश्री म्हणाली.

"डॉक्टरीण गेली खड्ड्यात. ऊठ."

चौमूंकडे जाणाऱ्या सीकर रोडवर जीप, ट्रक, मोटारी, सगळं एकात एक अडकलेलं. मालीराम आपली जीप रस्त्याच्या कडेनं, खड्ड्यांतून काढत होता. अर्ध्या वाटेत अनुश्रीनं आईचा हात गच्च धरला.

"आई, दुखतंय गं."

चौमूंच्या दवाखान्यातली नर्स भडकली. "सातवाँ महीना? इस हालत में किसने हिलाया इसको?" नर्सनं दार लावून घेतलं.

बाहेर भिंतीवरच्या टीव्हीत तोच टायवाला हसत होता. समझोता झाला होता. दोन्ही बाजू मागं हटल्या होत्या. रस्त्यावर कुणीतरी फटाके लावले. अनुसयाला वाटलं, पायातली चप्पल काढून त्या टीव्हीवर फेकावी.

तेवढ्यात थर्मास घेऊन आनंदीवहिनी धावत आल्या. त्याही मालीरामच्याच घरी उतरल्या होत्या; त्याच्याकडून कळलं तशा आल्या. त्यांना बघताच अनुसया उसळली.

"आता आलात व्हय चहा घिऊन? तुमच्या दाराला कुलूप बघितलं म्हणून मी ह्या पोरीला हलवलं! भीमरावभावजींना समदं ठाऊक हुतं. एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं?"

"यांना?" आनंदीवहिनी म्हणाल्या. "अहो बाई, यांना काय ठाऊक असणार? हे तर निघायलाच तयार नव्हते. मीच हट्ट धरला. म्हटलं, असल्या गोष्टी फौजेतल्या माणसांना आधी कळतात."

"काय कळतं?"

दाराआडून अनुश्रीचं कण्हणं ऐकू आलं. आनंदीवहिनींनी थर्मास बाकावर ठेवला.

"आता लपवता कशाला, वहिनी? मी विचारलं, तर 'असंच' म्हणून तुम्ही दार लावून घेतलंत. पण भर दुपारी तुमच्या यजमानांच्या नावाची ट्रंक ऑटोत घालून पाठवलीत, ती सगळ्या गल्लीनं बघितली."