मूळ प्रत

"स्वल्पविराम खाल्लास," काका म्हणाले. "परत वाच."

तिने वाक्य परत वाचलं, या वेळी स्वल्पविरामासकट. प्रकाशन संस्थेतला तिचा हा दुसरा दिवस. कॉलेजने सुट्टीत सहा आठवडे काम शिकायला पाठवलं होतं, आणि सोमवारी आल्या आल्या संपादक बाईंनी तिला मुद्रितशोधक काकांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं होतं. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना 'कानामात्रा' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

कामाची पद्धत साधी होती. छपाईआधीची तपासणीची पानं तिने मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. काकांनी लेखकाची मूळ प्रत हातात धरून ताडून बघायचं. शुद्धलेखनाच्या चुका तिने टिपायच्या. गळलेलं, बदललेलं काका पकडणार. पूर्वी हे उलट चालायचं. मदतनीस मूळ प्रत वाचायचा आणि काका छापील पानं बघायचे. यंदा काकांनीच अदलाबदल केली. "शिकणाऱ्याने छापील पान बघावं," ते म्हणाले. "चुका तिथे असतात."

त्या अदलाबदलीमुळेच संपादक बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. पहिल्या दिवशी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"काकांचे डोळे कसे आहेत, ते बघ आणि शनिवारी मला सांग. चाळीस वर्षं झाली त्यांना इथे, मी कुठल्या तोंडाने विचारू? पण हे पुस्तक चुकलं तर आपलं नाक कापलं जाईल. दिसत नसेल तर त्यांना निरोप द्यावा लागेल."

ती हो म्हणाली. नवीन माणूस दुसरं काय म्हणणार?

पुस्तकही तसंच होतं. टोपणनावाने लिहिणाऱ्या एका कादंबरीकाराचं. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. टाईप केलेली प्रत टपालाने यायची आणि उत्तर पोस्टातल्या एका पेटीच्या नंबरावर जायचं. ऑफिसात त्याला गुप्तधन म्हणत. त्याच्या आधीच्या तिन्ही पुस्तकांची तिने पारायणं केली होती, आणि चौथं ती जगाच्या आधी वाचत होती. जेवताना तिने हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे तिथेही वाचतच बसतेस? मग घरी काय वेगळं करत होतीस?"

वेगळं होतं. घरी ती गोष्टीमागे धावायची. इथे काका धावू देत नसत. "इथे ती बाई गप्प का झाली?" ते मधेच विचारत. "मागचं वाक्य पुन्हा वाच, घाई नको." ती वाचायची आणि मग तिला उमगायचं. तीन दिवसांत ती कॉलेजच्या दोन वर्षांपेक्षा जास्त शिकली. इतक्या वर्षांनीही एका वाक्यासाठी अर्धा तास थांबणारा हा माणूस तिला फार मोठा वाटू लागला.

"किती सुंदर लिहितात ना हे?" ती एकदा न राहवून म्हणाली.

"बरं लिहितो. तिसऱ्या प्रकरणात घाई केलीय."

"तुम्ही भेटलात कधी त्यांना?"

"भेटण्यासारखं काही नाही. वाच पुढे."

पण चहाचा कप काका चाचपून उचलत, हे तिच्या लक्षात आलं होतं. हातातली पानं ते उलटत खरे, पण कधी एका परिच्छेदात तीन, तर कधी अर्धा तास एकही नाही. नजर बहुतेक वेळ खिडकीकडे. गुरुवारी तिला जेवण गोड लागलं नाही. खरं सांगावं तर काका घरी बसणार, खोटं सांगावं तर पुस्तकाचं वाटोळं.

शुक्रवारी तिने सरळ त्यांची परीक्षाच घ्यायची ठरवली. लाज वाटली, तरी घेतली. नवव्या प्रकरणातलं एक वाक्य तिने मुद्दाम गाळलं आणि काही झालंच नाही अशा आवाजात पुढचं वाचलं.

"थांब." काकांचं बोट वर झालं. "'दार उघडंच होतं, तिनेच इतकी वर्षं ते ढकललं नव्हतं.' हे कुठे गेलं?"

"आहे, आहे! माझीच नजर चुकली!" ती जवळजवळ ओरडलीच. शब्दन् शब्द बरोबर होता. ज्याला दिसत नाही त्याला हे कसं जमेल? तिचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी सकाळी ती बाईंच्या केबिनकडे जायला उठली, तेवढ्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणाऱ्या मावशी धापा टाकत वर आल्या. त्यांच्या हातात फीत बांधलेला निळा गठ्ठा होता.

"काका, सोमवारी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हो! कादंबरीची मूळ प्रत माझ्याच कपाटात राहिली. तुम्हाला दिलाय तो मधमाश्या पाळायच्या पुस्तकाचा गठ्ठा. दोन्ही मेले निळेच. आठवडाभर तुम्ही काही बोलला कसे नाहीत?"

"कामाच्या नादात राहून गेलं," काका म्हणाले. मावशी गठ्ठा ठेवून, स्वतःलाच बोल लावत निघून गेल्या.

तिने काकांच्या हातातली पानं हळूच काढून घेतली. वरच्याच पानावर मधाच्या पोळ्याची आकृती होती.

"काका, तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली. "मग काल ते वाक्य…?"

मावशींची पावलं जिना उतरेपर्यंत काका थांबले.

"नऊ वर्षं खपून लिहिलंय, पोरी. माझंच वाक्य गळलेलं कळायला मला डोळे कशाला हवेत?"